नाव कमी केलं

"मयताचं नाव कमी करायचं आणि वारसांची लावायची, एवढंच ना ताई?" तलाठ्यांनी अर्जावरून नजर न काढता विचारलं. बाहेर एप्रिलचं ऊन जांभ्याच्या पायऱ्यांवर तापत होतं, स्टुलावरचा पंखा टेबलावरच्या कागदांच्या कडा फडफडवत होता आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत बाबांच्या मृत्यूचा दाखला, आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि घडीवर विरलेला जुना हस्तलिखित सातबारा होता. मी हो म्हटलं. पण तो शब्द सलत राहिला. आमटीत मीठ कमी होतं, चैत्रात विहिरीचं पाणी कमी होतं, ताप कमी होतो. माणसाचं नाव कमी कसं होतं? गेलं म्हणावं, पुसलं म्हणावं. परतताना खाडीच्या कडेनं चालत आले. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या, खारफुटीच्या मुळांशी खेकडे सुळसुळत होते. तिथेच एकदम लक्षात आलं की हा शब्द मला अनोळखी नाही. गेली पंधरा वर्षं मी तो रोज वापरते आहे, फक्त इंग्रजीतून.

पुण्यात माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर फाइल काढून टाकायची तर 'आरएम' म्हणून एक आज्ञा देतात. फाइल पुसली, असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर आरएम काहीही पुसत नाही. ती आतल्या यंत्रणेला एवढंच सांगते की या यादीतून हे नाव काढ. त्या क्रियेचं नाव 'अनलिंक'. यादीतली एक ओळ जाते आणि त्या फाइलला किती नावं आहेत हे सांगणारा जो आकडा असतो, तो एकानं घटतो. तीनाचे दोन, दोनाचा एक. नाव कमी होतं. अनलिंकला मराठी प्रतिशब्द काय करावा, यावर कुणी समिती बसवली असती तरी याहून नेमका शब्द सुचला नसता, आणि महसूल खात्याच्या दप्तरात तो कधीचा पडून होता.

हे कळून बरं वाटलं की वाईट, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या दुपारी पडवीत बसून जुना सातबारा आणि आठ-अ पुढ्यात घेतले. गावच्या नकाशात पाहिलं तर आमच्या आगराला नावच नाही. एक वेडीवाकडी आकृती आणि तिच्या पोटात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. घरात मात्र त्याच जागेला आजोबा 'पाटाजवळचं' म्हणत, आई 'खालचं आगर' म्हणते, शेजारी 'अण्णांचं' म्हणतात आणि आत्या अजूनही 'आईचं' म्हणते, कारण तिच्या लेखी तिथली पहिली पोफळ तिच्या आईनं लावली. जमिनीला यातलं एकही नाव ठाऊक नाही. फाइलचं अगदी असंच असतं. डिस्कवर प्रत्येक फाइलची एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात, आणि तिला एक नंबर असतो. मालक कोण, कुणाला वाचायची मुभा, शेवटचा बदल कधी झाला, मजकूर डिस्कवर कुठे कुठे पसरलाय, सगळं त्या नोंदीत असतं. नसतं ते फक्त नाव. नावं राहतात डिरेक्टरीत, म्हणजे आपण ज्याला फोल्डर म्हणतो त्यात, आणि फोल्डर म्हणजे काही खण नव्हे. ती आठ-अ सारखी एक यादी. अमुक नाव, तमुक नंबर. युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्या डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४ साली तिच्यावर जो लेख लिहिला, त्यात हे स्वच्छ मांडलंय: फाइल कुठल्या एका डिरेक्टरीच्या आत राहत नाही, ती आपली स्वतंत्र असते, आणि तिच्याकडे नेणारी सगळी नावं सारख्याच दर्जाची.

याच नावांना पुढे हार्ड लिंक म्हणू लागले. ती म्हणजे 'मूळ' फाइलची जोडफाइल, असं नव्या मुलांना वाटतं, आणि मी दरवर्षी कुणाला ना कुणाला ते समजावून दमते. मूळ असं काही नसतंच. फाइल जन्मताना तिला जे पहिलं नाव मिळालं तेही एक हार्ड लिंकच. दुसरं नाव दिलं की दोन झाली, आणि आता पहिलं कुठलं, दुसरं कुठलं, हे यंत्रालाही सांगता येत नाही. पहिलं काढलं तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. एका नावानं आत जाऊन मजकूर बदलला तर दुसऱ्या नावानं जाणाऱ्यालाही बदललेलाच दिसतो, कारण जागा एकच. आणि आयनोडला आपली नावं किती आहेत हे ठाऊक असतं, कोणती आहेत आणि कुठे आहेत हे मात्र नसतं. ती शोधायची तर अख्खी डिस्क चाळावी लागते. बाबांना सातबारावर एक लांबलचक नाव होतं, गावात ते अण्णा, आईसाठी 'अहो', आणि आत्यासाठी बंडू. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, आता एक्याऐंशीची. त्यांना बंडू म्हणणारं माणूस पृथ्वीवर एकच उरलंय.

सॉफ्ट लिंक वेगळी. तिच्यात जागेचा नंबर नसतोच. तिच्यात असते वाट. अमक्या फोल्डरातून तमक्या फोल्डरात जा, तिथे या नावाची फाइल मिळेल, एवढाच मजकूर. हार्ड लिंकपेक्षा ती बरीच धाकटी. बर्कलीच्या युनिक्समध्ये १९८३ साली आली. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी बाबांनी एक मजकूर ठरवून ठेवला होता. आधी पोस्टकार्डावर लिहायचे, मग फोनवर सांगायचे, शेवटी शेवटी व्हॉट्सॲपवर धाडायचे, पण शब्द तेच: "एसटीतून उतरलात की देवळाच्या अंगानं पाखाडी धरा, वाकड्या फणसापाशी डावीकडे वळा, पहिलं बेडं आपलं." त्यात घर नव्हतं. घराकडे नेणारी वाट होती, आणि ती सगळी त्या फणसाच्या भरवशावर.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं. मी पुण्यात होते. रस्ते बंद, फोन लागेना. तीन दिवसांनी कुणाच्या तरी मोबाइलवरून बाबांचा आवाज आला आणि ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "आकाश दिसायला लागलं गो." आयुष्यभर ज्या आगरात भर दुपारी दिवा लावावासा वाटे इतकी सावली, तिथे आकाश दिसत होतं. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या होत्या, माड मुळांसकट आडवे, गडग्याचे दगड पाटात. पोफळ उभी राहून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, माडाचीही तीच गत. पंच्याहत्तरीकडे निघालेल्या माणसानं हा हिशेब मनात कसा केला असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. वाकडा फणस पाखाडीवर आडवा पडला होता, तो कापून वाट मोकळी करायला माणसांना दोन दिवस लागले.

त्या पावसाळ्यानंतर आलेला प्रत्येक पाहुणा चुकला. वाटेचा मजकूर जसाच्या तसा होता, त्यातला एक शब्द जिथे बोट दाखवत होता तिथे काही नव्हतं. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अशी सॉफ्ट लिंक लाल दिसते. नाव यादीत असतं, उघडायला जावं तर उत्तर मिळतं की अशी फाइल नाही. नवख्या माणसाचा गोंधळ उडतो तो इथे: समोर तर दिसतेय, आणि नाही कशी?

आता खरी सांगायची गोष्ट. २०१९ च्या दिवाळीत मी बाबांच्या मागून फोन धरून चालले होते. ते बांधाबांधानं फिरत आगराच्या हद्दी सांगत होते. सत्तेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. पाचोळ्यावर चपलांचा आवाज, पाटातल्या पाण्याची खळखळ, मध्येच रहाटाच्या जुन्या खांबावर थाप मारल्याचा आवाज, आणि बाबा: "या फणसापासून सरळ विहिरीपर्यंत आपलं. इथे गडगा आत गेलाय, तो काकांनी घातला तेव्हा भांडण झालं होतं, ते आता सोडून द्यायचं." ती फाइल मी 'आवाज' नावाच्या फोल्डरात ठेवली होती आणि 'आगर' नावाच्या दुसऱ्या फोल्डरातूनही तिला एक हार्ड लिंक दिली होती, जमिनीच्या कागदांच्या स्कॅनशेजारी असावी म्हणून. दोन नावं, आकडा दोन. मनाशी पक्कं होतं की एक गेलं तरी दुसरं आहे.

पुढे कधीतरी डिस्क भरली म्हणून 'आगर' मी दुसऱ्या डिस्कवर हलवलं. आणि हार्ड लिंक डिस्क ओलांडत नाही. ओलांडूच शकत नाही, कारण आयनोडचा नंबर त्या त्या फाइल सिस्टिमपुरताच, म्हणजे त्या डिस्कवरच्या नोंदव्यवस्थेपुरताच. केळशीतला सर्व्हे नंबर चाळीस आणि आंजर्ल्यातला सर्व्हे नंबर चाळीस या दोन निराळ्या जमिनी. गावाचं नाव घेतल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही. गावाबाहेरून गावातल्या जागेचा नंबर धरून ठेवता येत नाही, वाट तेवढी लिहून ठेवता येते. तेव्हा मी जागा वाचवायला म्हणून तिथे सॉफ्ट लिंक केली आणि विसरून गेले. डोंबिवलीच्या दादाची आठवण इथे होतेच. त्याचा जन्म तिकडचा. 'गावचं घर' म्हणताना त्याचा आवाज भरून येतो, आणि घराची त्याच्याकडची सगळी ओळख म्हणजे बाबांचा फोन नंबर आणि तो वाटेचा मजकूर. यात त्याचा काही दोष आहे असं मला वाटत नाही. माझ्या मुलीकडे तर तेवढंही नाही.

तलाठ्यांकडून आले त्या रात्री झोप येईना. लाइट गेली होती, लॅपटॉपच्या उजेडात माजघरातल्या भिंती निळसर दिसत होत्या. मी बाबांचं रेकॉर्डिंग लावलं. रहाटाच्या खांबाशी ते थांबतात तिथे मला पुढे ऐकवेना, म्हणून थांबवून ठेवलं आणि हाताला काहीतरी चाळा म्हणून फोल्डर आवरायला घेतले. त्या खिडकीत एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या, मापही तेच. जुनं गणित डोक्यात होतं, दोन नावं, एक जास्तीचं. 'आवाज'मधलं काढून टाकलं. मग सवयीनं टर्मिनल उघडून दुसरं नाव तपासलं.

लाल.

सॉफ्ट लिंकचं स्वतःचं माप म्हणजे तिच्यातल्या मजकुराचं माप. माझ्या लिंकमध्ये लिहिलं होतं '/घर/आवाज/बांध'. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना, अनुस्वार सगळं धरून, तीन बाइट घेतं. तिरक्या रेघा एकेका बाइटच्या. सगळे मिळून तेहेतीस. साठ बाइटांच्या आत बसणारी वाट एक्स्ट४ नावाच्या फाइल सिस्टिममध्ये डिस्कवर वेगळी जागाही घेत नाही, आयनोडच्या पोटातच मावते. सत्तेचाळीस मिनिटांचे बाबा, आणि माझ्या हातात तेहेतीस बाइट. पुण्याला बॅकअप होता, तो आठवून जिवात जीव आला आणि पुढच्या क्षणी गेला, कारण मी बॅकअप घेत होते तो 'आगर'चा, आणि बॅकअपची आज्ञा मीच अशी लिहिली होती की लिंक असेल तर लिंकच उतरवून घ्यावी. तिथेही तेहेतीस बाइटच असणार होते. आई आत घोरत होती. बाहेर माडाच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या. माझे हात गार पडले होते ते आत्ता लिहितानाही आठवतंय.

मग नजर थांबवून ठेवलेल्या प्लेअरकडे गेली.

नाव कमी होत होत शून्यावर आलं तरी जागा लगेच मोकळी होत नाही. एक अट आणखी असते. ती फाइल कुणी उघडून धरलेली नसावी. एखाद्या प्रोग्रॅमनं ती हातात धरली असेल, तर सगळ्या याद्यांतून नाव गेल्यावरही ती जिवंत राहते, तो हात सुटेपर्यंत. कामावर याचा आम्हाला त्रासच होतो: भलीमोठी लॉग फाइल काढून टाकली तरी डिस्क भरलेलीच दाखवते, कारण कुठलीतरी सेवा अजून तिच्यात लिहीत बसलेली असते, आणि ती सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय जागा सुटत नाही. त्या रात्री मात्र प्लेअरनं बाबांना खांबाशी थांबवून धरलं होतं. लिनक्समध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची एक खोली असते, 'प्रॉक' नावाच्या फोल्डरात, आणि त्यानं काय काय उघडून धरलंय याची तिथे क्रमवार यादी मिळते. चौदा टक्के बॅटरी उरली होती. प्लेअरचा क्रमांक शोधला, त्याच्या खोलीत गेले, यादी वाचली. तिथे होतं. जुन्या नावापुढे कंसात लिहिलेलं, डिलीटेड. जुन्या सातबारावर कमी केलेली नावं कंसात टाकत, तसंच.

मी त्याची प्रत उतरवून घेतली. प्रतच घ्यावी लागते. शून्यावर गेलेल्या आयनोडला तिथून पुन्हा नाव देता येत नाही. प्रतीला जुनंच नाव दिलं आणि 'आवाज'मध्ये जुन्याच जागी ठेवली. त्याबरोबर 'आगर'मधली लाल लिंक आपोआप निवळली. मी तिला हातही लावला नव्हता. तिला नंबराशी देणंघेणं नव्हतंच, वाटेच्या टोकाला त्या नावाचं काही मिळालं, तेवढं तिला पुरलं. नवा नंबर जुन्यापेक्षा वेगळा होता. आवाज तोच, चपलांखालचा पाचोळा तोच, सत्तेचाळीस मिनिटं पूर्ण. तरीही मी पहाटेपर्यंत प्लेअर बंद केला नाही. बंद केला असता तर जुनी जागा मोकळी झाली असती, तिच्यावर उद्या दुसरं काहीतरी लिहिलं गेलं असतं. प्रत हातात असताना याचं वाईट वाटायचं कारण नाही, हे मी कुणालाही पटवून दिलं असतं. शेवटी बॅटरीच संपली.

सकाळी आत्याला चहा द्यायला गेले तर ती खळ्यात बसून झावळ्यांचे हीर काढत होती. तिला रात्रीचं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "बंडू कालपासून म्हणतोय, पाटात पाला साचलाय. कुणी बघत नाही." दहाव्या-बाराव्याला ती आमच्याबरोबर होती, तिला सगळं कळतं, तिची स्मृती माझ्याहून चांगली आहे. पण क्रियापदं तिनं बदललेली नाहीत. आई सुरुवातीला दचकायची. मीही एक-दोनदा तिला सुधारायला गेले होते. आता जात नाही.

फेरफाराची नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, कुणी हरकत घेतली नाही, नोंद मंजूर झाली. नवा उतारा मी मोबाइलवर उतरवून घेतला आणि आत्याला दाखवला. तिला बारीक दिसत नाही, म्हणून नावं वाचून दाखवली. आधी सात होती. बाबांच्या नावावरून आडवी रेघ, आणि आई, मी, धाकटा भाऊ अशी तीन नवी. बोटांवर मोजत ती म्हणाली, "नऊ झाली की. कमी कुठे झालं?" मग जरा थांबून, "रेघेखालचं नाव वाचता येतंय ना?" येत होतं. मी ते तिला पुन्हा, पूर्ण, वडिलांच्या नावासकट वाचून दाखवलं.

संध्याकाळी दादाचा डोंबिवलीहून फोन आला. त्याचा मुलगा पहिल्यांदाच एकटा येतोय, मे महिन्यात, मित्राला घेऊन. अण्णांचा तो मेसेज मी त्याला पाठवलाय, दादा म्हणाला, पण तो फणस आहे ना गं अजून? फोन कानाशी धरूनच मी बेड्याबाहेर पाखाडीवर आले. निसर्गनंतरच्या पावसात बाबांनी त्याच वळणावर फणसाची एक आठळी रुजवली होती. झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय, सरळसोट, वाकडेपणाचा मागमूस नाही. बुंध्याशी आळं केलेलं, माती ओली होती. आत्यानंच पाणी घातलं असणार.

"आहे," मी म्हटलं. "फणसापाशीच वळायला सांग."